भाव अवाच्या सवा आहे का? रेडी रेकनर की सूची दोन

पुण्यात जुना फ्लॅट बघायला गेलं की वाद ठरलेला. मालक म्हणतो, "शेजारी याच भावाने गेलाय." घेणारा म्हणतो, "सरकारी दर तर केवढा कमी!" दोघेही आपापल्या सोयीचा आकडा धरून बसतात.

रेडी रेकनर हा मुळात मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर. करारातली किंमत आणि रेकनरचं मूल्य, यांत जे जास्त त्यावर शुल्क लागतं, हेच त्याचं मुख्य काम. एका विभागातल्या सगळ्या फ्लॅटना मूळ दर एकच. त्यात पार्किंगची कटकट, पाण्याचे टँकर, समोरचा नाला यांचा पत्ता नसतो. शिवाय तो बिल्टअपवर (भिंती धरून मोजलेल्या क्षेत्रफळावर) आणि चौरस मीटरमध्ये असतो, म्हणून चौरस फुटाशी ताडताना 10.764 ने भागायला लोक विसरतात.

सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), म्हणजे नोंदणी झालेल्या कराराचा सारांश. त्यात मात्र खऱ्या व्यवहाराची नोंद असते: मोबदला, बाजारभाव (म्हणजे रेकनरनुसार काढलेलं मूल्य), क्षेत्रफळ, तारीख. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ती शोधता येते. त्याच सोसायटीतले गेल्या वर्षभरातले तीन-चार व्यवहार काढले, की शेजाऱ्याची दंतकथा तपासता येते. क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) की बिल्टअप, हे नीट वाचा. 85 लाखांचा फ्लॅट 850 फुटांवर 10,000 रुपये दराचा वाटतो. कार्पेट 650 निघालं तर तोच 13,000 च्या वर जातो.

रोखीत दिलेले पैसे सूचीत दिसत नाहीत, हे खरं. तरी घासाघीस करायची तर मी सूचीच पुढे ठेवीन. रेकनर शुल्काच्या हिशोबापुरता.