कमरेतील इंजेक्शननंतरचे आठ महिने: वेदनातज्ज्ञांकडील उपचारांचा अनुभव

डाव्या कुल्ल्यापासून पोटरीमार्गे अंगठ्यापर्यंत जाणारी कळ सुरू होऊन अडीच महिने झाले होते आणि गोळ्या, शेक, पट्टा, शेजाऱ्यांनी सुचवलेले तेल हे सर्व करून झाले होते. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दबल्याचे दिसत होते. अस्थिरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेची घाई नसल्याचे सांगून पेन फिजिशियनना, म्हणजे वेदनातज्ज्ञांना, दाखवण्याचा सल्ला दिला.

पुण्यातील ज्या क्लिनिकमध्ये मी प्रथम गेलो, तेथे पायाला हातही न लावता पाचव्या मिनिटाला तीन इंजेक्शनांचे सवलतीचे पॅकेज पुढे ठेवण्यात आले. पहिल्याचा परिणाम पाहण्याआधीच तिसऱ्याचे पैसे का भरायचे, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही, म्हणून मी उठलो.

आपल्याकडे या क्षेत्रातील बरेच डॉक्टर मुळात भूलतज्ज्ञ असतात व नंतर वेदनाशास्त्राची फेलोशिप करतात. त्यामुळे ती कोठे केली आणि मला दिले तसे नसेजवळचे इंजेक्शन ते नियमितपणे देतात का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. ज्या डॉक्टरांकडे मी अखेर उपचार घेतले, त्यांनी आधी मला उताणे झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिला, अंगठा त्यांच्या हाताविरुद्ध वर ओढायला लावला, टाचांवर चालवले आणि लघवी-शौचावरील ताबा गेला आहे का, हे स्पष्ट विचारले (तसे असते तर त्यांनी मला त्याच दिवशी शस्त्रक्रियातज्ज्ञांकडे पाठवले असते). एमआरआय त्यांनी त्यानंतर पाहिला. पन्नाशीतील ज्यांना काहीही दुखत नाही, अशांपैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या गादीतही झीज दिसते, असे २०१५ च्या एका आढाव्यात नोंदले आहे. म्हणून चित्रातली जागा आणि दुखण्याची वाट जुळल्याशिवाय सुई लावायची नाही, असे त्या म्हणाल्या. माझा त्यांच्यावरचा विश्वास तेथेच बसला.

मला मधुमेह असल्याने एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) तपासून घेतले आणि रक्त पातळ करणारे काही औषध चालू आहे का, याची लेखी नोंद केली. ऑपरेशन थिएटरमध्ये पालथे झोपवून, सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत, त्वचा बधिर करून त्यांनी सुई आत घातली. ती नसेजवळ पोहोचताच नेहमीची कळ क्षणभर तशीच उठली. कॉन्ट्रास्ट (क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य) योग्य जागी पसरल्याची खात्री करूनच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड व बधिरतेचे औषध दिले. संध्याकाळपर्यंत पाय जड होता, त्यामुळे मुलाला बरोबर नेले हे बरे झाले. पहिल्या रात्रीचा आराम दुसऱ्या दिवशी ओसरला तेव्हा मी धास्तावलो. परंतु बधिरतेचे औषध काही तासांचे असते व स्टेरॉइडला काही दिवस लागतात, हे आधी सांगितलेले असल्याने फोन केला नाही. पाचव्या दिवसापासून कळ खरोखर उतरू लागली. मधल्या तीन दिवसांत उपाशीपोटीची साखर २१० पर्यंत गेली होती; स्टेरॉइडने असे होईल, याचीही पूर्वसूचना होती.

सुरुवातीला दहापैकी आठ असलेले दुखणे आज दोनवर आहे. चौथ्या महिन्यात कोल्हापूरच्या एसटी प्रवासानंतर ते वाढले, तेव्हा मीच दुसरे इंजेक्शन मागितले. डॉक्टरांनी नकार देऊन फिजिओथेरपिस्टकडे पाठवले, कारण इंजेक्शनाने मिळालेल्या सवडीत व्यायाम वाढवण्याऐवजी मी तो सोडून दिला होता. त्या वेळी राग आला, तरी सहा आठवड्यांत त्यांचे म्हणणे पटले.

तक्रारी आहेत: वेळ ठरवूनही दोन तास बसावे लागते, आणि चोवीस तासांपेक्षा कमी दाखल असल्याने विमा कंपनीने आधी शंका काढली, तेव्हा डे-केअरचा तपशील बिलात स्पष्ट लिहून घेण्यासाठी दोन हेलपाटे पडले. पावलावरची बधिरता अजून पूर्ण गेलेली नाही; ती जाईलच, असे डॉक्टरांनी पहिल्या भेटीतही म्हटले नव्हते.