ब्लूग्रास ऐकायला कुठून सुरुवात करावी: युनियन स्टेशन की पंच ब्रदर्स?

ब्लूग्रास म्हणजे तारवाद्यांवरचं अमेरिकी लोकसंगीत. त्याकडे नव्याने वळणाऱ्याला बहुतेक वेळा दोनच बँड सुचवले जातात: 'ॲलिसन क्रॉस अँड युनियन स्टेशन' आणि 'पंच ब्रदर्स'. दोन्ही अमेरिकी, दोन्हींत पाच वादक आणि वाद्यंही जवळपास तीच. ऐकताना मात्र दोघांकडून मिळणारं अगदी वेगळं असतं. कुठला अल्बम आधी लावला यावर पुढची गोडी अवलंबून राहते.

आधी वाद्यांबद्दल थोडं. आपल्याकडे बँजो म्हटलं की मिरवणुकीतली बँजो पार्टी आठवते. तिथलं कळांचं वाद्य बुलबुल तरंगाच्या कुळातलं. ब्लूग्रासचा बँजो पाच तारांचा, गोल पडदा ताणलेला. अंगठा आणि दोन बोटांना नख्या चढवून वाजवायचा. बिल मनरो यांनी १९४०च्या दशकात घडवलेल्या या शैलीत ड्रम नसतो. चार मात्रांपैकी पहिली आणि तिसरी डबल बास सांभाळतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनचा 'चॉप' पडतो. चॉप म्हणजे तारा छेडल्या छेडल्या डाव्या हाताची बोटं सैल सोडायची, की सूर मिटतो आणि नुसता 'चक्' उरतो. डबल बासचा सर्वांत खालचा स्वर साधारण ४१ हर्ट्झचा असतो. मोबाइलच्या स्पीकरमधून तो येतच नाही, मग सगळं संगीत अधांतरी वाटतं आणि दोष बँडला दिला जातो. हेडफोन घ्या.

युनियन स्टेशनचं बळ गळ्यात आहे. क्रॉस मूळच्या इलिनॉयच्या, फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवणाऱ्या; पहिला अल्बम १९८७चा, बँडचं नाव मुखपृष्ठावर आलेला पहिला १९८९चा 'टू हायवेज'. मनरोंच्या परंपरेतलं गाणं उंच पट्टीतलं, ताणलेलं असतं. क्रॉस त्याच चौकटीत हलक्या, जवळजवळ कुजबुजत्या आवाजात गातात, आणि वादक त्या आवाजाला जागा करून देतात: रॉन ब्लॉक यांचा बँजो कमी सुरांत बोलतो, बॅरी बेल्स यांचा बास अजिबात मिरवत नाही. डॅन टिमिन्स्की यांचा गळा याच्या उलट, खरखरीत आणि जुन्या वळणाचा. एकाच अल्बममध्ये हे दोन आवाज आलटून पालटून येतात, म्हणून कंटाळा येत नाही.

१९९८मध्ये जेरी डग्लस डोब्रो घेऊन आले आणि बँडचा पोत बदलला. डोब्रो ही एक प्रकारची गिटारच; ती मांडीवर आडवी ठेवून पोलादी पट्टी तारांवरून सरकवत वाजवतात, त्यामुळे मींड ऐकणाऱ्या कानाला तिचा सूर लगेच ओळखीचा वाटतो. याच डग्लस यांनी मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट आणि बासवादक एडगर मेयर यांच्यासोबत १९९५मध्ये 'बर्बन अँड रोझवॉटर' हा अल्बम केला होता. रागसंगीताकडून येणाऱ्याला ही चांगली पायवाट आहे.

यांच्याकडून सुरुवात करायची तर २००२च्या एप्रिलमध्ये केंटकीतल्या लुइव्हिल इथे मुद्रित झालेला दोन सीडींचा 'लाइव्ह' घ्या. बँड तेव्हा भरात होता आणि जलद वादन, संथ गाणी, टिमिन्स्की यांची पारंपरिक गाणी असं सगळं एका जागी मिळतं. १९९५चा खूप खपलेला 'नाऊ दॅट आय हॅव फाउंड यू' बहुतेक जण आधी उचलतात. तो मुळात संकलन आहे. गाणी गोड आहेत, पण बँड म्हणून हे लोक काय करतात ते त्यातून नीट कळत नाही. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. रॉक गायक रॉबर्ट प्लांट यांच्यासोबतचा क्रॉस यांचा, २००९चे पाच ग्रॅमी मिळवणारा 'रेझिंग सँड' म्हणजे युनियन स्टेशन नव्हे. त्यात ड्रम आहेत, इलेक्ट्रिक गिटार आहे आणि हा बँड नाही. ठासून वाजवलेलं ब्लूग्रास हवं असेल तर डग्लस येण्यापूर्वीचा, ॲडम स्टेफी यांच्या मँडोलिनचा 'सो लाँग सो राँग' (१९९७) ऐका.

पंच ब्रदर्स ऐकायला बसण्याची तऱ्हाच निराळी. मँडोलिनवादक क्रिस थीली आधी 'निकेल क्रीक'मध्ये होते, आणि त्या बँडच्या २०००च्या अल्बमच्या निर्मात्या क्रॉसच होत्या. पण थीली यांची ओढ रचनेकडे. २००६मध्ये जमलेल्या या पाच जणांचा पहिला अल्बम 'पंच' (२००८) मधोमध चार भागांची, सुमारे ४० मिनिटांची एक सलग रचना घेऊन येतो. तिथे धून, मग प्रत्येकाची एकेक फेरी, असा ब्लूग्रासचा नेहमीचा साचा सापडत नाही. रचनेचा बराचसा भाग आधी लिहिलेला असतो, एका वाद्याचा तुकडा दुसरं पूर्ण करतं. याच अल्बमपासून सुरुवात केलेले बरेच श्रोते अर्ध्यावर सोडतात, आणि त्यात त्यांची चूक नाही: कानाला परत येणारं ध्रुवपदच मिळत नाही.

म्हणून आधी 'द फॉस्फोरेसंट ब्लूज' (२०१५). पहिलंच गाणं दहा मिनिटांहून मोठं आहे, तरी त्यात धरून ठेवायला सुरावटी आहेत. फ्रेंच संगीतकार द्यबुसीची पियानोरचना बँजो-फिडलवर ऐकताना नोम पिकेल्नी यांचा बँजो किती स्वच्छ, मोजका वाजतो ते कळतं. शब्द समजून घ्यावे लागतील; भरगच्च आहेत आणि थीली यांचा पातळ, उंच आवाज सगळ्यांना रुचत नाही. ज्याला गाण्याचा आवाज आधी भावतो त्याने इथे यायची घाई करू नये. वादनाची तालीम, काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटींची गुंफण), सुटे धागे जुळताना पाहणं ज्याला आवडतं त्याला मात्र आम्ही थेट हाच अल्बम देऊ, युनियन स्टेशन नंतर. याच्या पुढचा 'ऑल अशोर' (२०१८) अधिक घट्ट बांधलेला आहे. त्याला ग्रॅमी मिळाला तो लोकसंगीताच्या विभागात. युनियन स्टेशनच्या 'न्यू फेव्हरिट', 'लाइव्ह' आणि 'पेपर एअरप्लेन' यांना तो ब्लूग्रासच्याच विभागात मिळाला होता.

आज प्रत्यक्ष मैफलीचा विचार करत असाल तर दोन्हीकडे माणसं बदललीत. युनियन स्टेशनचा 'आर्केडिया' १४ वर्षांच्या खंडानंतर मार्च २०२५मध्ये आला आणि त्यात टिमिन्स्की यांच्या जागी रसेल मूर गातात. पंच ब्रदर्समधून गेब विचर बाहेर पडल्यावर २०२३पासून फिडल ब्रिटनी हास यांच्याकडे आहे.

दोन्ही वाटा गिटारवादक टोनी राईस यांच्यापाशी मिळतात. डग्लस १९७५मध्ये त्यांच्यासोबत जे. डी. क्रो यांच्या बँडमध्ये वाजवत होते. पंच ब्रदर्सचे क्रिस एल्ड्रिज त्यांच्याकडे शिकले. राईस यांचा १९८३चा 'चर्च स्ट्रीट ब्लूज' जवळपास नुसत्या गिटार आणि आवाजावर उभा आहे. पंच ब्रदर्सनी तो अख्खा अल्बम स्वतःच्या रीतीने नव्याने वाजवून 'हेल ऑन चर्च स्ट्रीट' केला. मूळ आधी ऐका, नाहीतर त्यांनी काय बदललं ते हाती लागणार नाही. ध्वनिमुद्रण नोव्हेंबर २०२०मध्ये नॅशव्हिलला झालं. राईस त्याच वर्षी २५ डिसेंबरला गेले, आणि अल्बम जानेवारी २०२२मध्ये बाहेर आला.