दहा लिटरची सीट बॅग: कोकण किनाऱ्याला पुरते, पण भरता आली तर

मांडव्याहून तेरेखोलपर्यंतचा सागरी रस्ता सायकलवर निवांत सहा-सात दिवसांचा. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी पकडत गेलं की दर संध्याकाळी कुठल्यातरी गावात खोली आणि गरम जेवण मिळतं. तंबू, स्टोव्ह, भांडी यांतलं काहीच लागत नाही. तरीही कॅरिअर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या दोन बॅगा, म्हणजे पॅनिअर, लावून निघणारे भेटतातच, आणि खाडी संपल्यावर लागणाऱ्या पहिल्याच उभ्या चढाला सायकल हातात धरून चालतात.

त्यावर उपाय म्हणजे सीटखाली अडकवायची, तोंड गुंडाळून बंद होणारी १० लिटरची बॅग. बॅगेचं स्वतःचं वजन ३५० ते ४५० ग्रॅम भरतं. अ‍ॅल्युमिनियमचं कॅरिअर आणि पॅनिअरची जोडी धरली तर सामान भरायच्या आधीच दोन-अडीच किलो होतात. शिवाय पॅनिअरमध्ये जागा उरली की माणूस जीन्स टाकतो. इथे ती सोयच नाही, आणि या बॅगेचा निम्मा फायदा तोच आहे.

विकत घ्यायच्या आधी पट्टी घेऊन सायकलपाशी बसा. सीटच्या खालच्या सळयांपासून मागच्या टायरपर्यंत निदान १८ सेंटिमीटर उभी जागा हवी. भरलेली बॅग शेपटाकडे दोन-तीन सेंटिमीटर खाली झुकते. खड्ड्यात आदळली आणि टायरला घासली, तर एका दिवसात तळाचं कापड जातं. लहान फ्रेमच्या सायकलींना ही बॅग बहुधा बसतच नाही. त्यांनी सीटखाली पाच लिटरची बॅग आणि हँडलला एक ड्राय बॅग असं विभागावं. ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे बटण दाबून खाली-वर होणारा सीटचा दांडा, असेल तर नाद सोडा.

बहुतेकांची तक्रार एकच असते: बॅग डोलते. उभं राहून पेडल मारताना मागे म्हशीचं शेपूट हलावं तशी ती डावी-उजवीकडे झुलते आणि चढावर लय मोडते. यात दोष बॅगेपेक्षा भरण्याचा जास्त. बॅगेच्या निमुळत्या टोकाशी, म्हणजे सीटपोस्टला चिकटून, जड आणि घट्ट वस्तू गेल्या पाहिजेत: चार्जर, साबण-ब्रशची पिशवी, चपला. त्यानंतर कपडे, पण घडी घालून नव्हे, गुंडाळी करून आणि गुडघ्याने दाबून. शेपटाकडे सगळ्यात हलकं, म्हणजे विंडचीटर. कोपऱ्यात पोकळी राहिली तर तिथे मोजे कोंबा. मग तोंड निदान तीन वेळा गुंडाळायचं, शेवटच्या वळणाआधी हवा काढायची आणि मगच बकल लावायचं. एकूण भार तीन किलोच्या आत ठेवा.

पट्ट्या आवळण्याचाही क्रम आहे. आधी सीटपोस्टची वेल्क्रो सैलसर लावून बॅग वर दाबून धरा, मग सळयांच्या दोन्ही पट्ट्या ओढा, शेवटी वेल्क्रो पक्की करा. पाच किलोमीटरवर थांबून पुन्हा ओढा, कारण कपडे तेवढ्यात बसतात. बऱ्याच जणांचं नेमकं हेच राहतं. सीटपोस्ट कार्बनची असेल तर वेल्क्रोखाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, नाहीतर पट्टीत अडकलेली वाळू पॉलिशपेपरचं काम करते.

हत्यारं या बॅगेत ठेवू नका. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला सगळे कपडे उपसावे लागतात, आणि वजनही उगाच मागे जातं. ती फ्रेमच्या त्रिकोणात लावलेल्या छोट्या बॅगेत हवीत: दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंक्चर किट, चेन तोडता येणारं मल्टिटूल, तुटलेली चेन जोडणारी एक क्विक लिंक, पंप, फाटलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा आणि स्वतःच्या सायकलचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा. हँगर जेमतेम वीस ग्रॅमचा, पण प्रत्येक मॉडेलचा वेगळा, आणि गुहागरच्या काय किंवा देवगडच्या काय, सायकलच्या दुकानात तो मिळेल या भरवशावर निघू नये. ट्यूबला प्रेस्टा, म्हणजे बारीक आणि लांब, व्हॉल्व्ह असेल तर पितळी अ‍ॅडॉप्टरही घ्या. तो असला की मोटारसायकलचं पंक्चर काढणाऱ्याकडेही हवा भरता येते. फक्त त्याच्या कॉम्प्रेसरवर लक्ष ठेवा, बारीक टायर त्यात क्षणात जास्त भरला जातो.

कपड्यांत सायकलिंगचे दोन जोड पुरतात: एक अंगावर, एक बॅगेत. संध्याकाळी हाफ पँट आणि एक टी-शर्ट. टॉवेलऐवजी पंचा घ्या, तो मुठीत मावतो आणि लवकर वाळतो. रोज धुवायचं असेल तर सुती बनियन घरीच ठेवा. किनाऱ्याच्या दमट हवेत ते रात्रभरात वाळत नाही आणि सकाळी ओलंच बॅगेत जातं. अर्धवट वाळलेला सिंथेटिक जर्सी मात्र बॅगेवरच्या इलॅस्टिक दोरीत अडकवला की दुपारपर्यंत कोरडा होतो.

खोट काढायच्याच तर तीन आहेत. सीटपोस्टवरचा लाल दिवा बॅगेमागे पूर्ण झाकला जातो. बॅगेच्या शेपटाला दिवा अडकवायला फास असतो, पण बॅग झुकली की प्रकाश रस्त्यावर पडतो, मागच्या गाडीला दिसत नाही. दिवा सीटस्टेला, म्हणजे सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळीला, लावलेला बरा. दुसरं, मागून पाय टाकून उतरताना टाच बॅगेला अडकते. फेरीबोटीच्या निसरड्या उतारावर हे महागात पडतं, तिथे सायकल झुकवून उतरा. तिसरी खोट वेल्क्रोची. लाल माती आणि पुळणीची वाळू तिच्या आकड्यांत बसली की चौथ्या-पाचव्या दिवशी पकड सुटू लागते. दात घासायचा जुना ब्रश फिरवला तर ती परत धरते. तेवढ्यावरही भागलं नाही तर हाताशी चार झिप टाय आणि एक जास्तीची रबरी पट्टी असू द्या.