रिग्रेशनसाठी प्लेराइट: बरेच महिने वापरल्यानंतर

आमचं दुकानदारांसाठीचं बिलिंगचं वेब ॲप आहे. दर पंधरवड्याला रिलीज. नवीन फीचर गेलं की जुनं काहीतरी मोडायचं (यालाच रिग्रेशन म्हणतात), आणि बहुतेक वेळा ते आमच्याआधी ग्राहकालाच कळायचं. ब्राउझर आपोआप चालवून तपासणाऱ्या सेलेनियम या टूलच्या जुन्या स्क्रिप्ट होत्या, पण लाल (फेल) निकालाकडे कुणी बघेनासं झालं होतं. मग त्याच कामाच्या प्लेराइट या टूलवर आलो. मायक्रोसॉफ्टचं, २०२० मध्ये आलेलं, ओपन सोर्स. क्रोमियम (क्रोमचा पाया), फायरफॉक्स, वेबकिट (सफारीचं इंजिन) तिन्हींवर तीच टेस्ट चालते.

पहिला फरक जाणवला तो थांबण्यात. जुन्या स्क्रिप्टमध्ये जागोजागी ‘पाच सेकंद थांब’ पेरलेलं होतं. सेलेनियममध्येही ‘तयार होईपर्यंत थांब’ असे नीट वेट लिहिता येतात, पण घाईत लिहितंय कोण! प्लेराइट क्लिक करण्याआधी स्वतःच बघतं: बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, एनेबल आहे का, वर दुसरं काही आडवं आलेलं नाही ना. उगाच फेल होणाऱ्या टेस्टपैकी बऱ्याच इथेच संपल्या.

खरी कमाई मात्र ट्रेस व्ह्यूअरची. टेस्ट पडली की प्रत्येक पावलाआधी आणि नंतर पान कसं होतं, नेटवर्कवर काय गेलं-आलं, कन्सोलमध्ये काय छापलं, सगळं एका फाइलमध्ये मिळतं. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणणाऱ्या डेव्हलपरला ती फाइल पाठवायची, वाद मिटतो.

एक उदाहरण देतो. मराठी स्क्रीनसाठी कुणीतरी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) हिंदीवरून मराठीवर नेलं. एका ओळीचा बदल, रिव्ह्यूत कुणाला खटकला नाही. पण ब्राउझर हिंदी लोकेलला आकडे इंग्रजी अंकांत देतो आणि मराठीला देवनागरीत. बिलावर ‘₹१,२५०’ दिसायला लागलं. दिसायला झकास! पण तीच रक्कम पुढे डिस्काउंटच्या खान्यात वाचली जात होती आणि तिथे जावास्क्रिप्टला ते अंक कळेनात, हिशेब कोसळला. डिस्काउंटच्या जुन्या टेस्टने रिलीजच्या आदल्या दिवशी पकडलं. हाताने तपासताना त्या दिवशी डिस्काउंटपर्यंत कुणी गेलंच नसतं.

आता कुरकुर. रीट्राय (पडलेली टेस्ट पुन्हा चालवणं) चालू केला की पहिल्यांदा पडून दुसऱ्यांदा पास झालेली टेस्ट ‘फ्लेकी’ म्हणून नोंदली जाते, पण रन (सगळ्या टेस्टची फेरी) हिरवाच, म्हणजे पास, राहतो. फ्लेकीवर रन पाडायचा पर्याय आहे, तो आपण चालू करायचा. आमच्याकडे चालू आहे आणि त्यावरून शिव्याही बसतात.

स्क्रीनशॉट तुलनेचा (पानाचं आत्ताचं चित्र जपून ठेवलेल्या मूळ चित्राशी ताडण्याचा) उत्साह फार टिकला नाही. मूळ चित्रं ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिमनुसार वेगळी ठेवावी लागतात. मॅकवर काढलेलं चित्र लिनक्स सर्व्हरवर चालत नाही, फॉन्ट वेगळा उमटतो. आता फक्त बिलाच्या छापील पानासाठी वापरतो, तेही सगळीकडे सारखंच वातावरण देणाऱ्या डॉकरमधूनच.

प्लेराइटमधलं कोडजेन क्लिक रेकॉर्ड करून स्क्रिप्ट लिहून देतं. नवख्याला दाखवायला छान, पण तो कोड तसाच ठेवू नका. नेमकं काय तपासायचं ते आपणच ठरवून लिहायचं असतं.

आणि वेबकिट म्हणजे आयफोनवरची सफारी नव्हे. पेमेंटचं पान आम्ही अजून खऱ्या फोनवर हाताने बघतो. अँड्रॉइड ॲपसाठी तर ॲपियम हे मोबाइल ॲप तपासायचं टूलच, प्लेराइट नेटिव्ह (फोनवर इन्स्टॉल होणाऱ्या) ॲपच्या वाट्याला जात नाही.