आठ महिने पगाराचं सॉफ्टवेअर वापरून : जिनिंगच्या मुनिमाचा अनुभव

मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-वडकी पट्ट्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, हिशोब बघतो. गेल्या पोळ्याच्या आसपास शेठनं पगाराचं ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलं. सीझन आता संपला, म्हणून सवडीनं लिहितो. कंपनीचं नाव देत नाही. त्यांच्या हेल्पलाइनवरच्या पोरांशी मला अजून महिन्यातून दोनदा बोलावं लागतं.

आधी आमची स्थिती सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. बारमाही माणसं नऊ : मॅनेजर, फिटर, वायरमन, चौकीदार वगैरे. दसरा-दिवाळीत कापूस यायला लागला की आकडा सत्तेचाळीसवर जातो. जिनांवरची माणसं, प्रेसवाले, कवडी (किडका, खराब कापूस) वेचणाऱ्या बाया. गाडीवरचे हमाल वेगळे, त्यांचा हिशोब ह्यात नाही. बारमाही लोकांचा पगार महिन्याचा, बाकीच्यांचा आठवड्याचा. गावचा बाजार बुधवारी, त्या दिवशी जिन बंद. म्हणून चुकारा, म्हणजे पैसे वाटणं, मंगळवारी संध्याकाळी. आधी हे सगळं मी एक्सेलमध्ये करायचो आणि मुकादम त्याच्या लाल वहीत. महिन्याच्या शेवटी दोन्ही जुळवताना आमचं भांडण ठरलेलं.

पहिला धक्का पहिल्याच दिवशी बसला. सॉफ्टवेअरला आठवडा सुरू करायचा तर रविवार नाहीतर सोमवार. बुधवार हा पर्यायच नाही. फोन केला, तर पलीकडचा पोरगा म्हणतो, 'सर, वीकली ऑफ शनिवार-रविवार टाकू का?' मी म्हटलं, बाबू, इथं रविवारी जिन चालतो. तो गप्प. शेवटी मी आठवडा सोमवारचाच ठेवला आणि मंगळवार संध्याकाळचा हिशोब आजही हातानं काढतो. यंत्रातला आठवडा आणि बाजाराचा आठवडा यांत दोन दिवसांचा फरक आहे तो आहेच.

याच्यापेक्षा वाईट गोष्ट व्यवसाय कराची झाली. हा राज्याचा कर पगारातून कापतात : महाराष्ट्रात पुरुषांना महिन्याला साडेसात हजार पगारापर्यंत काही नाही, दहा हजारांपर्यंत १७५ रुपये, त्यावर २०० आणि फेब्रुवारीत ३००. बायांना एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत माफ. हे सगळं सॉफ्टवेअरला पाठ आहे, बायांचं तर अगदी बरोबर. पण आठवड्याचा पगार तीन हजारांच्या आत-बाहेर असला की ते प्रत्येक आठवडा सुटा बघतं आणि कर शून्य दाखवतं. नोव्हेंबरची बेरीज मी सहज केली तेव्हा कळलं की प्रेसवाल्यांचे बारा हजारांच्या वर गेलेत आणि कोणाचाच कर कापलेला नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदम दोनशे कापले तर एक जण म्हणाला, 'मुनीमजी, हे काय नवीन काढलं तुमी?' काय सांगणार! आता महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी स्वतः आकडा भरतो.

दुसरी चूक आम्ही वेळेत पकडली म्हणून बचावलो. सीझनच्या पहिल्याच पगारात बहुतेकांच्या नावापुढं कर्मचारी राज्य विम्याचे (ईएसआयचे) ०.७५ टक्के कापलेले, आणि मालकाच्या खात्यात ३.२५ टक्के. आता ही योजना हंगामी कारखान्यांना लागू नाही, आणि फक्त जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना कायद्यानं हंगामीतच येतो. सोबत तेलाची मिल वगैरे असेल तर सल्लागाराला विचारा, तिथं गोष्ट बदलू शकते. सॉफ्टवेअरला मात्र दहा किंवा जास्त माणसं आणि एकवीस हजारांच्या आत पगार दिसला की विषय संपला. सेटिंग बंद करायला चार फोन लागले.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो ती गोष्ट. उचल.

आमच्याकडं पगार म्हणजे उचल वजा जाऊन उरलेलं. दिवाळीला, पोराच्या फीला, दवाखान्याला उचल; मग मुकादम आठवड्याला जमेल तसं कापतो. जमेल तसं म्हणजे त्याला जमेल तसं. सॉफ्टवेअरमध्ये याला 'कर्ज' म्हणतात आणि तिथं हप्ता ठरवून द्यावा लागतो. मुकादम हसला. म्हणे, 'हप्ता बँकेत असते भाऊ, जिनात नाई.'

डिसेंबरात कवडी वेचणाऱ्या एका काकूंनी नवऱ्याच्या दवाखान्यासाठी चार हजार उचलले. पुढच्या आठवड्याचा त्यांचा पगार निघाला २,७००. मुकादमानं सांगितलं, दोन हजार काप. मी आकडा टाकला तर पडदा लाल झाला. कपात एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर नेता येत नाही. म्हणजे १,३५०, त्यात भविष्य निर्वाह निधीचे (पीएफचे) १२ टक्के, ३२४ रुपये, आधीच गेलेले. उचलीला उरले १,०२६. बाकीचे ९७४ सॉफ्टवेअरनं स्वतःच पुढच्या आठवड्यात ढकलले. ही निम्म्याची मर्यादा काही नवी नाही, जुन्या वेतन कायद्यातही होती. फक्त लाल वहीला ती माहीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्या एक्सेललाही नव्हती. मुकादम तावातावानं शेठकडं गेला. शेठनं पडदा बघितला आणि म्हणाला, कॉम्प्युटर नाही म्हणते तर नाही. काकूंना त्या मंगळवारी १,३५० मिळाले. आधीच्या हिशोबानं ३७६ मिळाले असते. ह्या एका गोष्टीसाठी मी या सॉफ्टवेअरचे बाकीचे गुन्हे माफ करायला तयार आहे. सगळे नाही, पण बरेच.

हजेरीचं यंत्र चेहरा ओळखणारं आहे. बाया धुळीसाठी तोंडाला रुमाल बांधतात, कॅमेऱ्यावर दिवसभर रुईचं तुसं बसतं, आणि सकाळी लवकर गेटवर अंधार. पहिले पंधरा दिवस रांग कुपाटीपर्यंत. मग चौकीदाराला सकाळ-संध्याकाळ काच पुसायचं काम लावलं. लाइन गेली तरी यंत्र हजेरी साठवून ठेवतं, हे चांगलं. कागदाचं मस्टर मात्र मी बंद केलेलं नाही, करणारही नाही.

नवीन माणसांचा निधीचा नंबर (यूएएन) काढणं हा वेगळाच ताप. ऑगस्ट २०२५ पासून तो उमंग अॅपवर चेहरा दाखवूनच निघतो. हे सॉफ्टवेअरवाल्यांच्या हातात नाही, पण त्यांनी विकताना 'एका क्लिकवर' म्हटलं होतं. आमच्याकडं नेटवर्क येतं प्रेस हाउसच्या गच्चीवर. एकेका बाईला जिना चढवून, उन्हाकडं तोंड करून, 'डोये मिचकाव माय' म्हणत मी उभा. त्यात नावांची भानगड : आधारवर वडिलांचं नाव, बँकेत नवऱ्याचं, आणि इंग्रजीत एकीकडं व्ही तर दुसरीकडं डब्ल्यू. नऊ जणींचं दुरुस्त करायला जानेवारी उजाडला. एक चांगलं झालं. एका बाईला मी मोबाइलवर तिचं पासबुक उघडून दाखवलं. तिनं दोनदा विचारलं, 'हे माह्याच नावावर हाय ना? शेठच्या नाई ना?'

नियम बदलले की सॉफ्टवेअर बदलतं का, हे सगळे विचारतात. बदलतं, पण सगळं नाही, आणि आम्हाला न सांगता. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर असतील तर वरची रक्कम वेतनात धरायची. आमच्या फिटरचे २६,०००. त्यात मूळ पगार आणि महागाई मिळून १२,०००, बाकी १४,००० भत्ते. म्हणजे हजार रुपये वेतनात आले आणि निधीची कपात महिन्याला १२० नं वाढली. डिसेंबरात सॉफ्टवेअरनं हे आपोआप केलं, कोणाला काही न सांगता. फिटर तणतणत आला. निरोपाची एक ओळ टाकली असती तर काय गेलं असतं? किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. तो मात्र मला स्वतः भरावा लागला, आणि आमचा तिसऱ्या परिमंडळाचा दर शोधूनही मलाच द्यावा लागला.

सीझन संपतानाचा प्रसंग सांगायचा राहिला. मार्चच्या शेवटी एकाच दिवशी अडतीस माणसं सुटली. काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशोब चुकता करायचा असतो. सॉफ्टवेअरमध्ये शेवटचा हिशोब एकेका माणसाचा, आणि प्रत्येकाला 'सोडण्याचं कारण' निवडायचं. यादीत 'उत्तम संधी', 'उच्च शिक्षण', 'लग्न'. 'कापूस संपला' नाही. रात्री दीडपर्यंत मी सगळ्यांना 'इतर' केलं. ग्रॅच्युइटीचा तक्ताही चुकीचा : हंगामी माणसाला प्रत्येक हंगामाचा सात दिवसांचा पगार धरायचा असतो, ह्यानं सरसकट पंधरा दिवसांचा धरला.

पगाराची मराठी चिठ्ठी हा तर विनोदच. शिल्लक रजेच्या जागी 'शिल्लक सोडा' छापून येतं. एका पोरानं विचारलं, सोडा मिळते काय आता? तक्रार दिली, अजून सोडाच आहे.

बारमाही नऊ माणसांसाठी विचाराल तर बिनधास्त घ्या. १५ तारखेच्या आत निधीची फाइल तयार मिळते, आणि मागच्या वर्षी उशिराचं व्याज भरलं तसं यंदा एकदाही भरावं लागलं नाही. हंगामी मजुरांसाठी घेत असाल तर सप्टेंबरातच एक आठवडा खोटा पगार काढून बघा, उचलीसकट. नूतनीकरणाचा फोन परवा आला होता. मी तीनच गोष्टी मागितल्या : आठवडा बुधवारी सुरू करू द्या, आठवड्यांची बेरीज करून कर कापा, आणि सोडण्याच्या कारणांत 'हंगाम संपला' टाका. कळवतो म्हणाला.