‘मूळ ईएमबी फाइल’ या नावाखाली झालेली फसवणूक

संगणकीय एम्ब्रॉयडरी मशीनसाठीच्या डिझाइन फाइली ऑनलाइन विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने ‘मूळ ईएमबी फाइली आहेत, हव्या त्या मापात बदलता येतील’ असे लेखी सांगून माझ्याकडून ११,००० रुपये घेतले आणि प्रत्यक्षात साध्या, फक्त टाक्यांची नोंद असलेल्या डीएसटी फाइली ईएमबी म्हणून गळ्यात मारल्या. ब्लाउजच्या पाठीवर आणि बाह्यांवर पैठणीचे मोर, कुयऱ्या काढून देण्याचा व्यवसाय घरातून करणाऱ्या अनेकजणी अशाच जाहिरातींवर विसंबून पैसे घालवत आहेत, म्हणून ही हकिगत तपशिलाने लिहीत आहे.

डीएसटी हा ताजिमा या जपानी कंपनीच्या मशीनसाठीचा फाइल प्रकार असून आज जवळजवळ सर्व व्यावसायिक मशीन तो वाचतात. सुईने कोणत्या बिंदूवरून कोणत्या बिंदूवर जायचे, एवढीच नोंद त्यात ०.१ मिलिमीटरच्या एककात असते. धागा कुठे बदलायचा हे त्यातून कळते, पण तो धागा हिरवा की राणी हे कळत नाही. विल्कॉम या एम्ब्रॉयडरी डिझाइन तयार करण्याच्या सॉफ्टवेअरच्या ईएमबी फाइलीत मात्र प्रत्येक पिसाची बाह्यरेषा, टाक्याचा प्रकार, त्याची दिशा, टाक्यांची दाटी आणि खालचा अंडरले, म्हणजे आधाराचे टाके, हे सारे वेगवेगळे साठवलेले असते, त्यामुळे माप बदलले की सॉफ्टवेअर टाके नव्याने आखते. ईएमबी म्हणजे कटिंगचा कागदी नमुना, तर डीएसटी म्हणजे शिवून झालेला ब्लाउज, असे म्हणता येईल. ईएमबीला जास्त पैसे मोजायचे ते एवढ्याचसाठी, आणि हा व्यापारी नेमकी हीच जास्तीची किंमत लाटतो.

एका ग्राहकाला १० सेंटीमीटरचा मोर १४ सेंटीमीटरचा हवा होता. फाइल मोठी केली, तेव्हा टाक्यांची संख्या जराही वाढली नाही. म्हणजे सॅटिन टाक्यांच्या ओळींमधले ०.४ मिलिमीटरचे अंतर ०.५६ मिलिमीटर झाले आणि पिसांमधून खालचे रेशमी कापड दिसू लागले. व्यापाऱ्याने आधी धाग्याला, मग मशीनला दोष दिला. अखेर पंचिंगचे, म्हणजे चित्रावरून टाक्यांचे डिझाइन बनवण्याचे, काम करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी त्या फाइली आपल्या विल्कॉममध्ये उघडून डिझाइनच्या माहितीतील ‘ग्रेड’ दाखवली. ए ग्रेड म्हणजे मुळापासून त्याच सॉफ्टवेअरमध्ये तयार झालेले डिझाइन, आणि डी ग्रेड म्हणजे टाक्यांच्या फाइलीवरून आणलेले डिझाइन. माझ्या सर्व फाइली डी ग्रेडच्या निघाल्या. डीएसटी उघडून ईएमबी म्हणून जतन करणे हे क्षणाचे काम आहे, परंतु त्यामुळे बाह्यरेषा आणि अंडरलेची हरवलेली माहिती परत येत नाही.

त्याच संचात ब्रदर कंपनीच्या घरगुती मशीनसाठी म्हणून दिलेल्या काही पीईएस (त्या मशीनचा फाइल प्रकार) फाइली मशीनवर उघडतच नव्हत्या. त्या नोटपॅडमध्ये उघडल्या, तेव्हा खऱ्या पीईएस फाइलीच्या आरंभी जी ‘#PES’ ही रोमन अक्षरे असतात त्यांच्या जागी ‘LA:’ ही अक्षरे दिसली, आणि ती डीएसटीच्या शीर्षभागाची खूण आहे. म्हणजे येथे फाइलीचे रूपांतरही केलेले नव्हते, केवळ फाइलीच्या नावाचे शेपूट (टिंबानंतरची अक्षरे) बदलले होते. ही तपासणी कोणालाही फुकट करता येते. डीएसटीवरून पीईएस बनवण्यासाठी इंकस्टिच हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे, त्यामुळे जाहिरातीतील ‘सर्व मशीनचे फॉरमॅट’ या शब्दांसाठी वेगळे पैसे देण्याचे कारणच नाही.

आता मी कोणत्याही विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर डिझाइनची ग्रेड पाहते, एका पिसाची बाह्यरेषा ओढून टाके नव्याने भरले जातात का हे पाहते, आणि त्याच डिझाइनचा कापडावर काढलेला नमुना मागते. खऱ्या डिजिटायझरला (पंचिंग करणाऱ्याला) यात काहीही अवघड वाटत नाही. टाळाटाळ करणाऱ्याशी व्यवहार करू नये.

परतावा मागितल्यावर व्यापाऱ्याने माझा नंबर ब्लॉक केला. यूपीआयची पावती, व्हॉट्सॲपवरील संभाषण आणि त्याने दिलेल्या फाइली जशाच्या तशा ठेवून मी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. ‘हा धंद्याचा व्यवहार आहे, तुम्ही ग्राहक ठरत नाही’ असे त्याने शेवटी सुनावले होते. परंतु स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून केलेली खरेदी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ग्राहकाच्या व्याख्येत बसते, आणि त्याच आधारावर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीत आहे.