रस्ट, मार्टी आणि लॉनमोअर : तीन पारायणांनंतर

‘ट्रू डिटेक्टिव्ह’ या अमेरिकन मालिकेचा २०१४ चा पहिला सीझन गेल्या आठ महिन्यांत तीनदा पाहून झाला. आठच भाग, म्हणून जमलं. खुनी कोण ते सांगणार नाही. रस्ट आणि मार्टी या त्यातल्या दोन पोलीस डिटेक्टिव्हांचं कशावरून फाटलं ते मात्र सांगणार.

पहिल्या खेपेला मी सरळ रस्टच्या बाजूने. १९९५ सालचं लुइझियाना, एका तरुणीच्या खुनाचा तपास, आणि गाडीत शेजारी बसून मॅथ्यू मॅकॉनहेचा रस्ट माणूसजात संपलेलीच बरी अशा थाटात बोलतोय. वुडी हॅरेलसनचा मार्टी स्टिअरिंग धरून वैतागतो. वाटलं, भांडण विचारांचं आहे.

दुसऱ्या खेपेला कळलं, विचारबिचार सगळं ठीक, ठिणगी लॉनमोअरची, म्हणजे गवत कापायच्या यंत्राची आहे. तिसऱ्या भागात रस्ट उसनं नेलेलं यंत्र परत करायला येतो आणि मार्टीचं गवतही कापून टाकतो. मार्टी घरी येतो तर हा त्याच्या बायकोशी, मॅगीशी, गप्पा मारत बसलेला. माझं गवत मी कापतो, मला आवडतं ते, पुन्हा हात लावायचा नाही, असं मार्टी बजावतो. स्वतः बाहेर लफडं करणारा माणूस गवतावर मालकी सांगतोय! मला हसूच फुटलं. पण २००२ मध्ये मॅगी नवऱ्याच्या बाहेरख्यालीचा हिशेब नेमका रस्टला मध्ये घेऊन चुकता करते, तेव्हा ते गवत आठवतं. मॅगीला लेखकाने याहून फार काही करू दिलेलं नाही, ही माझी जुनी तक्रार.

मग ऑफिसच्या पार्किंगमध्ये दोघे एकमेकांना तुडवतात आणि त्यात रस्टच्या पिकअपचा मागचा दिवा फुटतो. (चौथ्या भागातल्या सहा मिनिटांच्या सलग शॉटचं कौतुक सगळेच करतात. मला तो आता जरा मिरवल्यासारखा वाटतो. ही मारामारी कशी बेंगरूळ आहे, आणि म्हणूनच खरी.)

तिसऱ्या खेपेला २०१२ मधल्या चौकशीकडे नीट लक्ष दिलं. दहा वर्षं बोलणं नाही. दोघांना वेगवेगळं बसवून नवे पोलीस खोदखोदून विचारतायत, आणि १९९५ साली संशयितांच्या जंगलातल्या अड्ड्यावर काय झालं याची एकच थाप दोघेही बिनचूक मारतात. एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत, पण फोडत कुणीच नाही. याला काय म्हणायचं?

बघायचं तर मोबाइलवर नको, अंधारातले प्रसंग पार काळे पडतात. सबटायटल्स लावाच; रस्ट पुटपुटतो. दुसऱ्या सीझनमध्ये ही जोडी नाही, मी तो अर्ध्यात सोडला.

सहाव्या भागाच्या शेवटी रस्ट मार्टीला रस्त्यात गाठून बिअरचं विचारतो. मार्टी आधी रिव्हॉल्व्हर तपासतो, मग त्याच्या मागोमाग गाडी काढतो. पुढे पिकअप, आणि तिचा तो दिवा अजून फुटलेलाच. पहिल्या दोन्ही वेळा तो माझ्या डोळ्यांसमोरून तसाच निघून गेला होता.